टीचर, तुम्ही कट्टी घेतली का?

वाचकाचं पत्र (जागेअभावी थोडक्यात):

"आम्हा दोघींची संडे स्कूलमधली जोडी चौदा वर्षांची. निवडणुकीच्या दिवसांत तिने मंडळीच्या (आमच्या चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका नेत्याचं कौतुक करणारा व्हिडिओ टाकला. मला राहवलं नाही. मी खाली लिहिलं, ‘या माणसाला मत देणारा ख्रिस्ती असूच शकत नाही.’ तिने उत्तर दिलं नाही, ग्रुप सोडला. आता वर्गही वाटले गेलेत, लहान मुलं तिच्याकडे आणि मोठी माझ्याकडे. मागच्या प्रभुभोजनाला ती माझ्या पुढच्याच बाकावर होती, मागे वळून पाहिलंही नाही. पाळकसाहेब म्हणतात, ‘राजकारण दाराबाहेर ठेवा, ऐक्य राखा.’ पण मला जे वाटतं ते गरिबांबद्दल वाटतं, अन्यायाबद्दल वाटतं. ते मी दाराबाहेर कसं ठेवू? माझे पती म्हणतात, दुसरी मंडळी बघू. परवा वर्गातल्या एका मुलाने विचारलं, ‘टीचर, तुम्ही त्या टीचरशी कट्टी घेतली का?’ मला उत्तर देता आलं नाही. माझं चुकलं का? मी गप्प बसू का? मंडळी सोडू का?"

– एक थकलेली शिक्षिका

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो, ते लांबवण्यात अर्थ नाही. तुमचं राजकीय मत बरोबर की चूक, यात मी पडणार नाही. तुम्ही ते का धरलंय हे पत्रातून कळतं आणि ते वरवरचं नाही. पण ग्रुपवरचं ते एक वाक्य चुकलं. ‘मला हे पटत नाही’ असं लिहिलं असतंत, ‘या माणसाच्या कारभारात गरिबांचं काय झालं ते बघ’ असं लिहिलं असतंत, तर वाद झाला असता. कदाचित कडाक्याचा झाला असता. पण तो एकाच घरातल्या दोन बहिणींचा वाद राहिला असता. तुम्ही तिला घराबाहेरच काढलंत, आणि ते घर तुमचं नाही, माझं नाही, पाळकसाहेबांचंही नाही.

रोमच्या मंडळीत असाच तिढा होता. काहीजण मांस खात नसत, फक्त भाजीपाला खात. काहीजण विशिष्ट दिवस पाळत, काहींना सगळे दिवस सारखे. आज वाचताना हे किरकोळ वाटतं, पण त्यांच्यासाठी तो देवापुढच्या विवेकाचा प्रश्न होता, आणि एक बाजू दुसरीला तुच्छ लेखत होती, दुसरी पहिलीला दोषी ठरवत होती. त्या मंडळीला पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला स्वतःचं मत नव्हतं असं नाही. कुठलाही पदार्थ मुळात अशुद्ध नाही, असं तो त्याच अध्यायात सरळ सांगतो. तरी त्याचा प्रश्न असा आहे: दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण? तो उभा राहील की पडेल, हे त्याच्या धन्याने बघायचं. तुमच्या मैत्रिणीचा धनी कोण, हे चौदा वर्षं तिच्या शेजारी बसून मुलांना शिकवणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

आता माझ्याकडचं एक सांगतो.

मी बरीच वर्षं मंडळीत दान मोजायच्या कामावर होतो. हे काम एकट्याने करायचं नसतं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं, शेवटी दोघांनी सह्या करायच्या. माझ्या जोडीला जे भाऊ होते, ते आणि मी अशाच एका निवडणुकीच्या वेळी एकमेकांना नको ते बोलून बसलो. त्यानंतर काम सुटलं नाही, बोलणं तेवढं सुटलं. ते आकडा सांगायचे, मी तो परत म्हणून लिहायचो. "चाळीस." "चाळीस." "सतरा." "सतरा." आठ महिने आमच्यामध्ये फक्त आकडे होते. एका रविवारी त्यांनी एक पाकीट उघडलं, आतली रक्कम सांगितली आणि पाकीट नेहमीसारखं बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवलं. पाकिटावरचं अक्षर मी ओळखलं. त्यांचंच होतं. ‘मुलीचं ऑपरेशन नीट पार पडल्याबद्दल आभारदान.’

कोणत्या मंत्र्याबद्दल त्यांचं काय मत आहे, हे मला तोंडपाठ होतं. त्यांची मुलगी ऑपरेशन टेबलावर होती, हे मला माहीत नव्हतं. दर रविवारी आम्ही एका हाताच्या अंतरावर बसत होतो.

मी पेन खाली ठेवलं. विचारलं, "कशी आहे आता?" त्यांनी जरा वेळ घेतला. मग म्हणाले, "चालायला लागलीय, काठी घेऊन." एवढंच. पुढचं पाकीट उघडलं. पण त्या दिवशी सह्या करून झाल्यावर आम्ही दोघं लगेच उठलो नाही. आमची मतं त्यानंतरही जुळली नाहीत, आजही जुळत नाहीत. मी त्यांच्याकडून काही शिकलो, त्यांनी माझं थोडं ऐकलं, बाकीचं तसंच आहे. मात्र त्यांच्या घरात कोण आजारी आहे हे आता मला पाकिटावरून कळावं लागत नाही.

ताई, तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यातली दोन पानं त्या नेत्याबद्दल आहेत. मैत्रिणीबद्दल एवढंच आहे की ती संडे स्कूल शिकवते आणि आता बोलत नाही. ती त्या माणसाला का मानते, कशाला घाबरते, तिच्या घरी काय चाललंय, यातलं एक अक्षर नाही. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. राजकारणातलं भांडण आपल्याशी हेच करतं. समोरचं माणूस हळूहळू पुसट होत जातं आणि त्याच्या जागी एक चेहरा येतो, तो त्याचा नसतोच, पोस्टरवरचा असतो.

आता फिलिप्पै गावच्या मंडळीचं बघा. तुमचं पत्र वाचल्यावर मला सगळ्यात आधी तेच आठवलं.

त्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे नावाच्या दोन स्त्रिया होत्या. दोघींनी पौलाबरोबर सुवार्तेसाठी कष्ट केले होते आणि दोघींचं बिनसलं होतं. कशावरून बिनसलं, हे पौल सांगत नाही. कोणाचं बरोबर होतं, तेही नाही. त्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, मी युवदीयेला विनंती करतो आणि मी सुंतुखेला विनंती करतो की तुम्ही प्रभूच्या ठायी एकचित्त व्हा. ‘विनंती करतो’ हे तो दोनदा लिहितो. एकदा लिहून दोघींची नावं जोडता आली असती, पण त्याने प्रत्येकीला तिची स्वतःची विनंती दिली. हे पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जाणार होतं आणि त्या दोघी तिथेच कुठेतरी बसलेल्या असणार. बहुधा एकमेकींपासून लांब. मग पौल आणखी एकाला सांगतो, बाबा रे, या दोघींना मदत कर. त्यांची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत, हेही सांगतो. एकाच पुस्तकात.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. फिलिप्पै ही साधीसुधी वस्ती नव्हती, रोमची वसाहत होती. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये तिथे मोठी लढाई झाली, नंतर निवृत्त रोमी सैनिकांना तिथे जमिनी देऊन बसवलं गेलं. आपण रोमचे नागरिक, याचा तिथल्या लोकांना केवढा अभिमान होता ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात दिसतं. पौलावर तिथे आरोप झाला तो हाच की आम्हा रोमी माणसांना न शोभणाऱ्या चालीरीती हे लोक शिकवतात. अशा गावातल्या मंडळीला पौल लिहितो, आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. आणि त्यानंतर अवघ्या दोन वचनांनी युवदीया आणि सुंतुखेची नावं येतात. आपल्या पुस्तकात मध्ये अध्याय बदलतो म्हणून आपण तिथे थांबतो. मूळ पत्रात अध्याय नव्हते. ऐकणाऱ्यांनी हे एका दमात ऐकलं असेल: तुम्ही मुळात कुठल्या गावच्या आहात ते आठवा, आणि मग एकमेकींकडे बघा.

पण म्हणून पौलाने रोमचं नागरिकत्व फेकून दिलं नाही, हेही लक्षात घ्या. त्याच फिलिप्पैमध्ये त्याला चौकशी न करता फटके मारले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की गुपचूप जा. तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघड्यावर मारलंत, आता चोरून बाहेर काढता काय? स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. हक्क मागायला तो लाजला नाही आणि त्याला कोणी ‘राजकारण करतोस’ असंही म्हटलं नाही.

यावरून तुमच्या पाळकसाहेबांच्या वाक्याकडे येतो. त्यांची काळजी मला समजते. मंडळी फुटली तर ती सांधायला माणसाचं आयुष्य जातं, आणि दोन्ही बाजूंचे फोन रात्री त्यांनाच येत असतील. तरी ‘राजकारण दाराबाहेर ठेवा’ हे मला पूर्ण पटत नाही. उपासनेत आपण उभं राहून विश्वासांगीकार म्हणतो, त्यात एका राज्यकर्त्याचं नाव आहेच: पंतय पिलात. त्याच्या अमलात आपल्या प्रभूने दुःख सोसलं. शतकानुशतकं, इतक्या भाषांतून, विश्वासणारे दर रविवारी एका सुभेदाराचं नाव घेतात, कारण आपला प्रभू हवेत मेला नाही, एका राजवटीखाली, एका खटल्यानंतर मेला. ज्याचा विश्वास हे वाक्य उच्चारतो, त्याला सत्तेबद्दल काहीच वाटू नये अशी अपेक्षा कशी करायची? त्याच विश्वासांगीकारात ज्याची स्तुती करावी असा एकही राज्यकर्ता नाही, हेही खरं. ही बाजू तुमच्या मैत्रिणीने ऐकावी आणि तुम्हीही. कारण तुमच्या पत्रातही एका दुसऱ्या नेत्याबद्दल, तो आला की सगळं ठीक होईल असा सूर आहेच.

ऐक्य राखायचं म्हणून गप्प बसलं तर काय होतं, याचं एक उदाहरण मला कायम सलतं. १८५७ साली दक्षिण आफ्रिकेत केप इथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडपुढे, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेपुढे, प्रश्न आला. काही गोऱ्या सभासदांना कृष्णवर्णीय विश्वासणाऱ्यांबरोबर उपासना करायला, एका मेजावर प्रभुभोजन घ्यायला नको वाटत होतं. सिनॉडने मान्य केलं की सगळ्यांनी एकत्र असणंच शास्त्राला धरून आहे. पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ अडचण येत असेल तिथे वेगळी सोय करायला हरकत नाही, असंही ठरवलं. ‘दुर्बल’ हा शब्द ओळखीचा वाटला? रोमकरांस पत्रातला, वर मी ज्याबद्दल लिहिलं त्याच भागातला तो शब्द आहे. दुर्बलाला सांभाळून घ्या, हे वचन बलवानांच्या तिरस्काराला सांभाळून घेण्यासाठी वापरलं गेलं. कोणाचं मन दुखू नये म्हणून केलेली ती सोय पुढे नियम झाली. १८८१ साली वेगळं मिशन चर्चच उभं राहिलं. विसाव्या शतकात वर्णभेदाची राजवट आली तेव्हा मंडळ्या आधीच रंगाप्रमाणे विभागलेल्या होत्या. त्याच मिशन चर्चने १९८२ साली बेलहार इथे एक विश्वासघोषणा तयार केली आणि १९८६ साली ती स्वीकारली. त्यात ऐक्य, समेट आणि न्याय हे तिन्ही एकत्र बांधलेले आहेत, एक सोडून दुसरं घेता येत नाही. ज्यांना मेजावरून उठवलं होतं त्यांनी हे लिहिलं, म्हणून मी ते मान खाली घालून वाचतो.

तेव्हा ताई, गप्प बसू नका. गरिबाची बाजू घेणं, परक्याला छळू नये म्हणणं, खोटी साक्ष देऊ नये म्हणणं ही आपली हौस नाही, आज्ञा आहे. यशया, आमोस, याकोब, सगळे तेच सांगतात. मात्र इथे एक गोष्ट नीट पारखून घ्या. ‘गरिबाला न्याय मिळायला हवा’ ही देवाची आज्ञा. ‘अमुक पक्षाच्या अमुक धोरणाने तो मिळेल’ हा आपला अंदाज. अंदाज अभ्यासपूर्वक बांधलेला असेल, अनुभवातून आलेला असेल, तरी तो अंदाजच. आज्ञेच्या बाबतीत तुम्ही मैत्रिणीला ठामपणे विचारू शकता, विचारायलाच हवं: तुझा नेता या लोकांबद्दल असं बोलतो, तुला ते चालतं का? अंदाजाच्या बाबतीत मात्र तिला तुमच्याइतकीच मोकळीक आहे. कदाचित तिलाही गरिबांचीच काळजी आहे आणि ती दुसऱ्या रस्त्याने निघाली आहे. कदाचित नाही. विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि तुम्ही अजून विचारलेलं नाही.

ठामपणे बोलूनही नातं तोडायचं नाही, हे होऊ शकतं. एप्रिल १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते. तिथल्या आठ धर्मगुरूंनी त्यांच्या वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनाला अविचारी आणि अवेळी म्हटलं होतं. किंग यांनी तुरुंगातून जे उत्तर लिहिलं ते फार कडक आहे. न्यायापेक्षा शांततेला जास्त जपणाऱ्या मवाळ लोकांनी आपली घोर निराशा केली, असं ते स्पष्ट सांगतात. पण त्या आठ जणांना ते सहकारी धर्मगुरू म्हणूनच हाक मारतात. एवढं सोसत असलेल्या माणसाला त्यांना परकं ठरवणं किती सोपं होतं!

आणि ऐन निवडणुकीसाठी म्हणाल, तर इंग्लंडमधले मेथडिस्ट धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या रोजनिशीतली ६ ऑक्टोबर १७७४ची नोंद मला फार आवडते. येऊ घातलेल्या निवडणुकीत मताचा हक्क असलेल्या आपल्या संगतीतल्या लोकांना त्यांनी बोलावून सांगितलं की पैसा किंवा बक्षीस न घेता, जो सर्वांत लायक वाटेल त्याला मत द्या. ज्याच्या विरोधात मत द्याल त्याची निंदा करू नका. आणि दुसऱ्या बाजूला मत देणाऱ्यांविरुद्ध आपल्या मनाला धार चढू देऊ नका. मत देऊ नका असं ते म्हणाले नाहीत. सगळे एकालाच द्या असंही नाही. अडीचशे वर्षं झाली, त्यात मला एक शब्द बदलावासा वाटत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण मनाला धार चढते ती आपल्याला कळत नाही. आपण सत्यासाठी उभे आहोत असंच वाटत राहतं.

आता करायचं काय, ते सांगतो.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तुला तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे असं तिथे नाही, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध आहे, असं आहे. म्हणजे तिने आधी बोलावं याची वाट बघायची सोय प्रभूने ठेवलेली नाही. पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी तुम्ही तिच्याकडे जा. मेसेज नको. फोनसुद्धा फक्त ‘येऊ का?’ एवढं विचारायला. पती बरोबर नकोत, पाळकसाहेब तर नकोतच. ते आले की तो खटला होतो.

गेल्यावर व्हिडिओचा विषय काढू नका. त्या वाक्याचा काढा. ‘तू ख्रिस्ती नाहीस असं मी लिहिलं. ते खोटं होतं आणि ते म्हणायचा मला अधिकार नव्हता. सगळ्यांसमोर लिहिलं, त्याने तुला काय वाटलं असेल, याचा मी विचार केला नाही. मला क्षमा कर.’ तिथे थांबा. ‘पण तूसुद्धा…’ हे शब्द ओठांवर येतील, ते गिळा. क्षमेच्या मागे ‘पण’ लागला की ऐकणाऱ्याला फक्त पणच्या पुढचं ऐकू येतं. आणि मत बदलल्याचं खोटं सांगू नका. तिने विचारलं, तर म्हणा, ‘माझं मत तेच आहे, त्यावर कधीतरी शांतपणे बोलू, तुला चालेल तेव्हा.’ मग तिची मुलं, तिची झोप, तिचा वर्ग, यांबद्दल विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. याकोब ऐकण्यास तत्पर आणि बोलण्यास धीमा व्हायला सांगतो. आपण बहुतेक वेळा त्याचा क्रम उलटा करतो.

जे सगळ्यांसमोर लिहिलं, ते सगळ्यांसमोर मागेही घ्यावं लागेल. तुम्ही पत्रात विचारलंय, मेसेज गुपचूप डिलीट केला तर? नको. लोकांनी तो वाचलाय. तिला भेटून झाल्यावर, तिला आधी सांगून, ग्रुपवर दोन ओळी लिहा: मी अमुक बहिणीच्या विश्वासाबद्दल जे लिहिलं ते मी मागे घेते, मी तिची क्षमा मागितली आहे. खाली अंगठे येतील, हात जोडलेली चित्रं येतील, कदाचित तुमच्याच बाजूचं कोणीतरी लिहील, ‘तुम्ही नमलात.’ त्यांना उत्तर देऊ नका.

ती दार उघडणार नाही, असंही होईल. उघडेल आणि गार बोलेल. क्षमा मागणं तुमच्या हातात, क्षमा करणं तिच्या. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं मार्क नावाच्या सोबत्यावरून इतकं बिनसलं की दोघे दोन दिशांना गेले, आणि पवित्र शास्त्राने ते झाकलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असं वाक्य येतं. मधली वर्षं कशी गेली, कोणी कोणाला काय म्हटलं, काहीच लिहिलेलं नाही. तुमच्याही मधल्या वर्षांची तयारी ठेवा. तोवर एक करता येईल. रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना करा, तिचं मत बदलावं म्हणून नव्हे, तिचं भलं व्हावं म्हणून. सुरुवातीला शब्द घशात अडकतात, हे मी अनुभवाने सांगतो.

मंडळी सोडण्याबद्दल. व्यासपीठावरून एखाद्या नेत्याला ख्रिस्ताच्या जागी बसवलं जात असेल, कुणाला त्याच्या जन्मावरून, वंशावरून, गरिबीवरून कमी लेखलं जात असेल आणि बोलूनही ऐकलं जात नसेल, किंवा तुमच्या घरातलं कोणी तिथे सुरक्षित नसेल, तर जा, आणि अपराधी न वाटून घेता जा. अशा ठिकाणी जखमी माणसाला ‘ऐक्यासाठी थांब’ म्हणणं क्रूरपणा आहे. पण तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तुमच्या पत्रात एक मैत्रीण आहे, तिच्यासमोर जायची लाज वाटते आहे, आणि मंडळी बदलली तर जावं लागणार नाही, असा हिशेब आहे. पतींना माझा नमस्कार सांगा, त्यांना तुमचा त्रास बघवत नाही हे मला कळतं. पण दुसऱ्या मंडळीतही मतं असलेलीच माणसं भेटतील.

आणि पाळकसाहेबांशी बोला, तक्रार म्हणून नाही. उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते का? तीमथ्याच्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, आणि तेव्हाचे राजे मंडळीचे मित्र नव्हते. दर रविवारी, निवडणूक असो नसो, सत्तेत कोणीही असो, नाव घेऊन प्रार्थना करावी. तुम्हाला नको असलेल्या माणसासाठी ‘आमेन’ म्हणायची वेळ येईल आणि तिच्यावरही येईल. दोघींच्या तोंडून तो शब्द एकाच वेळी निघेल.

राहिला तो मुलगा.

त्याला उत्तर देऊन टाका, या रविवारीच. ‘काही नाही रे, तसं काही नाही’ असं म्हणू नका. मुलांना कळतं, आणि तुम्ही त्यांना खरं बोलायला शिकवता. मैत्रिणीकडे जाऊन आल्यावर त्याला बाजूला घ्या आणि सांगा, "हो, कट्टी झाली होती. मी तिला एक वाईट वाक्य बोलले होते. मी सॉरी म्हणायला तिच्या घरी गेले होते." तो लगेच विचारेल, "मग बट्टी झाली?" झाली असेल तर हो म्हणा. नसेल झाली, तर म्हणा, "अजून नाही. ती विचार करते आहे. आपण दोघं तिच्यासाठी प्रार्थना करू या का?"